फ्लॉरेन्समध्ये पाच वर्षांच्या मुलाने काय पाहायचे?

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दिरांकडे म्युनिकला जाणार आहोत. तिथून चार दिवस फ्लॉरेन्सला जावे असे माझ्या मनात आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. घरात सगळे म्हणतात, पोरांना चित्रे आणि पुतळे काय कळणार, त्यापेक्षा डिस्नेलँडला न्या. मुले खरेच कंटाळतील का? आणि कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची समाधी तिथे आहे, असे आजोबा सांगत. ते खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. आजोबा सांगत ते खरे आहे, फक्त समाधीऐवजी स्मारक म्हणू या. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली युरोपच्या दौऱ्यावर गेले. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच त्यांचे निधन झाले. वय जेमतेम विशीचे. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, पण त्या शहरात मृतदेहाला अग्नी देण्याची रीत नव्हती. बरीच खटपट होऊन परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांचे दहन झाले. त्याच जागी १८७४ मध्ये एक छत्री उभी राहिली. तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. स्थानिक लोक या जागेला ‘इंडियानो’ म्हणतात. शेजारी पुढे जो मोठा पूल झाला त्यालाही तेच नाव मिळाले. कोल्हापूरच्या राजाच्या आठवणीचा पूल इटलीत आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

स्मारक कास्चिने या उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. उद्यान सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे, आणि ट्राम तुम्हाला पूर्वेकडच्या बाजूला सोडते. पाच वर्षांच्या मुलाला हे अंतर चालवत नेऊ नका. सायकली भाड्याने घ्या किंवा सरळ टॅक्सीने टोकापर्यंत जा आणि परतताना जमेल तेवढे चाला. झाडी आहे, मोकळी हिरवळ आहे, पळायला जागा आहे. चार दिवसांतला एक अर्धा दिवस इथे द्याच. घरी सांगायला ही गोष्ट तुमच्या मुलांची स्वतःची असेल.

आता कंटाळ्याचे. मुले कंटाळतात, पण चित्रांना नव्हे. त्यांना वीट येतो तो रांगेचा, उन्हाचा, आणि ‘हे बघ, हे किती महत्त्वाचे आहे’ या वाक्याचा. त्यामुळे फ्लॉरेन्सला जाण्याआधी एकच काम करा : तुमची यादी अर्धी करा. मग उरलेली पुन्हा अर्धी करा. सकाळी एकच ठिकाण आतून पाहायचे, दुपारी विश्रांती, संध्याकाळ एखाद्या चौकात. जुने शहर इतके लहान आहे की रेल्वे स्टेशनपासून कॅथीड्रलपर्यंत मुलांच्या चालीनेही पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता.

पहिल्या दिवशी तिकीट काढूच नका. पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या मुख्य चौकात जा. तिथे एका बाजूच्या उघड्या कमानींखाली शिल्पकार चेल्लीनीने घडवलेला ग्रीक पुराणकथेतला वीर पर्सियस उभा आहे, हातात मेडूसा राक्षसीचे छाटलेले मुंडके. हे पाहायला पैसे पडत नाहीत आणि पाच वर्षांचा मुलगा इथून लवकर हलणार नाही. डेव्हिडची प्रतिकृतीही याच चौकात आहे. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला मूळ पुतळा १८७३ पर्यंत इथेच ऊनपाऊस खात उभा होता, मग तो अकादेमिया संग्रहालयात नेला. नग्न पुतळ्यांपुढे आपल्याकडचे आईबाप उगाच संकोचतात. मुले दोन मिनिटे हसतात आणि पुढच्या पुतळ्याकडे वळतात. तुम्ही लाजला नाहीत तर तीही लाजणार नाहीत.

चौकातला तो उंच मनोऱ्याचा वाडा म्हणजे पालाझ्झो वेक्यो. इथे मात्र आत जा, आणि मुलांना एकच काम द्या : पाठीवर शीड लावलेली कासवे शोधायची. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो मेदिची याने कासव आणि शीड हे आपले चिन्ह केले होते. घाई कर, पण सावकाश, असा त्याचा भाव. छतावर, भिंतींवर, जमिनीवर अशी कासवे डझनांनी आहेत. मुले मोजत बसतात आणि तुम्हाला दालने निवांत पाहता येतात. मुलांसाठी वाड्यातल्या गुप्त जिन्यांचे आणि खोल्यांचे मार्गदर्शित फेरेही असतात; ते आधी नोंदवावे लागतात.

उफिझी या चित्रसंग्रहालयात जायचे की नाही? जा, पण तासाभरासाठी, आणि पाचच चित्रे ठरवून. बोत्तिचेल्लीची व्हीनस तुमच्यासाठी. मुलांसाठी पाओलो उच्चेल्लोची सान रोमानोची लढाई, ज्यात घोडे आडवेतिडवे पडले आहेत. काराव्हाज्जोची ढालीवर रंगवलेली मेडूसा दाखवा, आदल्या दिवशीची ओळख निघेल. आणि पिएरो देल्ला फ्रांचेस्काने काढलेला उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको चुकवू नका. द्वंद्वाच्या खेळात त्याचा उजवा डोळा गेला होता, म्हणून चित्रकाराने फक्त डावी बाजू दाखवली आहे. नाकाच्या वरच्या भागात खाच दिसते. उरलेल्या डोळ्याला पलीकडचे दिसावे म्हणून त्याने ती मुद्दाम कापून घेतली, असे सांगतात. आठ वर्षांची मुलगी हा माणूस कधी विसरणार नाही. तास झाला की बाहेर पडा, मग एखादे मोठे दालन राहिले तरी चालेल.

ज्या जागेसाठी मी खास आग्रह धरेन ती फारशी कुणाच्या यादीत नसते. अनुन्झियाता चौकातले ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती, म्हणजे टाकून दिलेल्या मुलांसाठी बांधलेला आश्रम. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने त्याचा खर्च उचलला आणि १४१९ मध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने बांधकाम सुरू केले. कमानींच्या वर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने केलेली निळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी बाळे आहेत, कपड्यात घट्ट गुंडाळलेली. पहिले बाळ १४४५ च्या फेब्रुवारीत इथे आले, ती मुलगी होती. पुढे चारशे वर्षांहून अधिक काळ मुले येत राहिली. कित्येक आयांनी बाळाबरोबर पदक किंवा नाणे तोडून त्याचा अर्धा तुकडा ठेवला, दुसरा अर्धा स्वतःजवळ, कधीतरी परत न्यायला आलो तर ओळख पटावी म्हणून. ते तुकडे आज संग्रहालयात छोट्या छोट्या खणांत ठेवलेले आहेत. मुलांना हे दाखवावे का, असा प्रश्न पडेल. आठ वर्षांच्या मुलीला दाखवावे. ती प्रश्न विचारेल, आणि उत्तरे देताना तुम्हालाच जड जाईल. धाकट्याला तोवर बाहेर कमानींखाली पळू द्या.

कॅथीड्रलच्या घुमटावर चढायचा बेत मात्र सोडा. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि शेवटचा भाग घुमटाच्या दोन कवचांमधल्या अरुंद वाटेने जातो. मध्येच मुलगा ‘उचलून घे’ म्हणाला तर मागे फिरणे अवघड. खालून पाहत गोष्ट सांगा : १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने एवढा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता विटांनी रचला. जवळच्या बाजारात रानडुकराचा कांस्य पुतळा आहे. त्याच्या नाकावरून हात फिरवायचा आणि तोंडात नाणे ठेवायचे. ते खालच्या जाळीत पडले तर भाग्य उजळते म्हणतात. अँडरसनने या डुकरावर एक परीकथा लिहिली आहे, ती जाण्याआधी वाचून दाखवा. नदीकाठच्या गॅलिलिओ संग्रहालयात दुर्बिणींबरोबर खुद्द गॅलिलिओचे बोट काचेत ठेवलेले आहे. ‘ई!’ असे ओरडून मुले ते तीनदा पाहतात.

सांता क्रोचे भागात फिरताना भिंतींवर वर पाहा. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात आर्नोचे पाणी कुठवर आले होते त्याच्या पाट्या आहेत. पंचगंगेच्या २०१९ च्या पुराबद्दल घरात अजून बोलले जात असेल, तर मुलांना त्या उंचीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

खाण्याची खरी अडचण वेळेची आहे. रेस्तराँ संध्याकाळी सात-साडेसातशिवाय जेवण देत नाहीत आणि मुलांना सहालाच भूक लागते. त्यासाठी बेकरीतून स्क्याचाता, म्हणजे तेल-मीठ लावलेला चपटा पाव, जवळ ठेवा. साधा पास्ता हवा असेल तर ‘पास्ता इन बियांको’ मागा. मेन्यूवर नसला तरी मुलांसाठी बहुधा करून देतात. टोमॅटोच्या सॉसचा ‘आल पोमोदोरो’. तुम्ही काटेकोर शाकाहारी असाल तर पार्मेझान चीज टाळा, ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. भाज्या, घेवडा आणि शिळ्या पावाचे रिबोल्लिता हे सूप झकास लागते, पण त्यात डुकराचे मांस नाही ना, हे विचारून घ्या. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी आकार दिसेल, ती फसवणूक नव्हे. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे.

एक दिवस उरला तर पिसाऐवजी लुक्का गाठा. पिसाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, म्हणजे धाकटा खाली रडत बसणार. लुक्काच्या तटबंदीचा वरचा भाग रस्त्यासारखा रुंद आहे, चार किलोमीटरहून थोडा जास्त, झाडांची सावली असलेला, आणि त्यावर मोटारी नाहीत. मुलांना सायकली द्या आणि सोडा.

डिस्नेलँडचे म्हणाल तर तिथेही रांगाच आहेत.

इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठल्याही देशाची असोत, प्रवेश विनामूल्य आहे. वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा. उफिझी आणि अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात, तेव्हा रेल्वेची तिकिटे काढण्याआधी वार पाहा.