हात मोकळे ठेव

कोल्हापूर

चि. सोनूस,


इमर्जन्सी मेडिसिन घेतलंस म्हणून ताईने माझ्यावरच तोंडसुख घेतलं. डोळ्यांचं घेतलं असतं तर पोरीला रात्रीची झोप तरी मिळाली असती, म्हणाली. आमच्या वेळी हा वेगळा विषयच नव्हता. आपल्याकडे त्याला मान्यता मिळाली २००९ साली. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे ज्याच्या वाट्याला आली त्याने काढायची रात्र.

पुस्तकातलं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. मला सांगायचंय ते माणसांबद्दल.

सध्या भातलावणीचे दिवस आहेत. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडून मण्यार चावलेला पेशंट येणारच. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस. चावलेलं कळतही नाही, पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो आणि घरचे पित्त समजून सोडा पाजतात. मग पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही. १०८ ची रुग्णवाहिका कोल्हापुरात पोचेस्तोवर श्वास अडलेला असतो. तो जिवंत पोचतो, कारण आरोग्य केंद्रातल्या कुणीतरी सुई टाकून सर्पविषावरचं एएसव्ही सुरू केलेलं असतं आणि गाडीत कुणीतरी वाटभर श्वास देणारा अँबूचा फुगा दाबलेला असतो. म्हणजे तुझी टीम तुझ्या दारात सुरू होत नाही. स्ट्रेचर आत आलं की पहिलं अर्धं मिनिट त्या गाडीवाल्यांचं ऐक: कधी चावला, किती वायल गेल्या, श्वास कधी उथळ झाला. "बरं बरं, ठेवा इथं" म्हणणारे डॉक्टर हीच माहिती तासाभराने नातेवाइकांकडून उकरत बसतात.

घशात श्वासाची नळी टाकायला दुसरं कुणी तयारीचं असेल तर तू टाकू नकोस. मोह होतो, कारण ते काम दिसतं. पण लॅरिंगोस्कोप हातात घेतलेल्या माणसाला घशापलीकडचं काही दिसत नाही. तू पायांकडे उभी राहा, हात मोकळे ठेव आणि मॉनिटर, ड्रिप, माणसं सगळ्यांवर नजर ठेव. सांगायचं ते नाव घेऊन सांग. "कुणीतरी अॅड्रेनलिन भरा" म्हटलंस तर कुणीच भरत नाही. सिस्टरना नावाने सांगितलंस, "पॉइंट फाइव्ह, मांडीत", तर त्या तेच उलट म्हणतील आणि दिल्यावर "दिलं" म्हणतील. हे "दिलं" ऐकल्याशिवाय पुढे सरकू नकोस. अँबू दाबणाऱ्याकडेही बघ. घाबरलेला हात भराभर दाबतो. सहा सेकंदांना एकदा पुरे.

एएसव्ही चढताना अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, कधी बीपी धाडकन खाली येतं. हे पहिल्यांदा दिसतं ते बहुतेक वेळा तुला नाही, पाय धरून उभ्या असलेल्या वॉर्डातल्या मामांना. त्यांना "डॉक्टर, थांबा" म्हणायची भीती वाटत असेल तर ती तुझी चूक समज. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच मोठ्याने सांगून ठेव, की काही वावगं दिसलं तर कुणीही थांबवा. आणि त्यांनी उगाच थांबवलं तरी तोंड वाकडं करू नकोस. तसं एकदा केलंस की पुढच्या वेळी कुणी बोलणार नाही.

साप कुठला ते माहीत नसेल तर काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर संशय घोणसीचा. काम क्षुल्लक वाटतं, पण कुणीतरी पाच मिनिटांनी उचलून हलवून बघतोच आणि उत्तर बिघडतं. त्या नळीला एक राखणदार नेम. इंटर्न असला तरी चालेल.

तसंच काय कधी झालं त्या वेळा लिहिणाऱ्याचं कामही कमी लेखू नकोस. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९७० च्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. माणूस जातो तो हृदय आणि फुप्फुसांपायी, हे त्यातून उलगडलं आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी कोकणातल्या पोरांचे प्राण वाचवू लागली. १९८२ साली लॅन्सेटने त्यांचं लिखाण छापलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. हातात काय होतं? कागद, घड्याळ आणि गोळ्या.

आणखी एक, हे तुला कुणी सांगणार नाही. मण्यारचा पेशंट पापणी हलवत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या, हातपाय लुळे. बघणाऱ्याला वाटतं, गेला. तो शुद्धीवर असू शकतो आणि सगळं ऐकत असतो. एएसव्हीने ही लुळेपणाची गाठ लगेच सुटत नाही, व्हेंटिलेटरवर काही दिवस काढावे लागतात. पण त्यातून माणूस चालत घरी जातो. तेव्हा बेडजवळ "काही खरं नाही" कुणालाही म्हणू देऊ नकोस. त्याच्या कानाशी वाकून सांग, की श्वास आम्ही देतोय, तू धीर धर. घरच्यांना हेच सांगायला एकाला बाहेर पाठव, नाहीतर ते दारातून आत घुसतील. आणि झोपेचं औषध चालू आहे ना, ते सिस्टरना दर पाळीला विचार. निपचित पडलाय म्हणून तेवढंच राहून जातं.

तुझी,
मावशी