सरत्या थंडीतील हस्तकला : दुपटे

माघ सरत आला की थंडी उतरते, पण उन्हाला अजून चटका नसतो. ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात गोधडीकाम काढण्यास हे दिवस चांगले. पूर्ण गोधडी मात्र नको. बाळाचे दुपटे पुरे. जुने सुती लुगडे धुऊन वाळवावे, दोन-तीन पदर करून कच्चे टाके घालावेत, मग कडेपासून आत धावदोरा. उल्हासनगरात शिवणकामाचे कातरण पुष्कळ. पण जीन्सचे तुकडे टाळावेत, थकल्या बोटांना त्यात सुई रेटत नाही. सुई मोठ्या नेढ्याची, ती तरुणांनी ओवून द्यावी. टाका कसा घालावा हे मात्र आपण सांगू नये. अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींतील कित्येक आजींनी घरच्या गोधड्या स्वतःच शिवल्या आहेत. त्यांना शिकाऊ समजून बसविणे आम्हास पटत नाही. आजोबांकडे कात्री द्यावी.