यादीतला मासा घरात असेल तर

अलीकडे मला येणारे फोन माशांच्या आजारांबद्दल कमी आणि कागदांबद्दल जास्त असतात. "काका, आमच्या टाकीत हा मासा आहे, तो आता ठेवता येतो का?" विचारणाऱ्याचा आवाज पडलेला असतो. कुणीतरी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवलेली असते, तिच्यात त्याच्या माशाचं नाव असतं आणि तळाशी सात वर्षांच्या तुरुंगवासाचा उल्लेख. मी आधी विचारतो, बिल आहे का? मग विचारतो, माशाचं शास्त्रीय नाव माहीत आहे का? दोन्हींना बहुधा 'नाही' असंच उत्तर येतं. हे दोन प्रश्न मला एका माशाने शिकवले. त्याची हकीकत सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं नुसता उपदेश वाटणार नाही.

तो मासा म्हणजे डेनिसन बार्ब. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांमधला, चालियार, वलपट्टणम, चंद्रगिरी अशा खळाळत्या पाण्यातला. चंदेरी अंगावर तोंडापासून शेपटीकडे जाणारा काळा पट्टा, त्याच्या वर तोंडापासून अर्ध्या अंगापर्यंत लाल रेघ, शेपटीच्या टोकांना पिवळा-काळा रंग. तो एकटा राहत नाही. आठ-दहांचा थवा एकत्र वळतो तेव्हा बघणारा बोलायचं थांबतो. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे २०१३ साली केरळमधल्या संशोधकांबरोबर पुण्याच्या 'आयसर'मधले नीलेश डहाणूकर यांनी या माशासाठी नवी प्रजातीच मांडली आणि तिला 'सह्याद्रिया' हे नाव दिलं. आपल्या डोंगराचं नाव असलेला मासा आपल्या घरात आहे, याचा मला फार अभिमान वाटायचा.

आमच्यासारख्या शौकिनांपर्यंत तो पोचला तोवर जगभर त्याची मागणी वाढलेली होती. १९९७ च्या सिंगापूरच्या 'अ‍ॅक्वारामा' प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि नदीतून पकडून थेट निर्यात करण्याचा धंदा जोरात सुरू झाला. २०१३ च्या एका अभ्यासात २००५ ते २०१२ या काळातल्या निर्यातीचा हिशेब आहे: धोक्यात असलेल्या ३० जातींचे मिळून पंधरा लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे भारताबाहेर गेले, आणि त्यांत डेनिसन बार्बचा वाटा मोठा होता. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. केरळ सरकारने २००८ साली पकडण्यावर निर्बंध घातले, बंदीचे महिने ठरवले. पण ते महिने आणि माशाचा अंडी घालण्याचा खरा हंगाम जुळत नसल्याचं नंतरच्या अभ्यासातून दिसलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बंदी आली की आपल्या मंडळींना वाटतं सरकारला अचानक लहर आली. लहर नव्हती. त्याआधी बरीच वर्षं नद्या रिकाम्या होत होत्या आणि आपण टाक्या भरत होतो.

मग वन्यजीव संरक्षण कायद्याची दुरुस्ती आली. २०२१ साली संसदेत आलेल्या विधेयकाच्या पहिल्या अनुसूचीत डेनिसन बार्बचं नाव होतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती मंजूर झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, म्हणजे तिचं वजन किती ते कळावं. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. आणि एक गोष्ट आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होती: कायद्यातल्या 'बंदिस्त प्राणी' या व्याख्येत पकडलेला, पाळलेला आणि बंदिवासात जन्मलेला असे तिन्ही येतात. "माझा मासा नदीतला नाही, इंडोनेशियातल्या फार्मवर जन्मलेला आहे," हा बचाव तिथे आपोआप चालत नाही.

बातमी पसरली तेव्हा आमच्या गोतावळ्यात जे झालं त्यावरूनच मी आज सगळ्यांना सावध करतो. काही जणांनी अर्ध्या किमतीत मासे विकायला काढले. एकाने तर समाजमाध्यमावर फोटो टाकून, खाली स्वतःचा फोन नंबर देऊन. अनुसूचीतल्या प्राण्याची विक्री हा वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे, आणि घाबरून विकणारा माणूस त्याचा पुरावा स्वतःच तयार करतो. फुकट देणं, अदलाबदल करणं, दुसऱ्या शहरातल्या मित्राकडे बसने पाठवणं, हेही त्यातच येतं. दोघा-तिघांचं ठरलं होतं की रात्री पवना नदीत सोडून द्यायचे. त्याबद्दल पुढे बोलतो.

माझ्याजवळ बिल होतं. दुकानदार भला माणूस, त्याने मागितल्याबरोबर दिलेलं. पण त्यावर लिहिलं होतं 'बार्ब मिक्स', पुढे नग आणि रक्कम. बाजारात सगळीकडे तशीच बिलं करतात. त्या कागदावरून ते मासे गोल्डन बार्ब होते, टायगर बार्ब होते की डेनिसन, हे कुणालाही सिद्ध करता आलं नसतं. याच माशाला कुणी 'मिस केरळ' म्हणतं, कुणी 'रोझलाइन शार्क', कुणी 'टॉर्पेडो बार्ब'. शार्कचा आणि त्याचा काही संबंध नाही. कायद्याच्या यादीत मात्र शास्त्रीय नाव असतं, आणि ते बिलावर नसेल तर तारीख असूनही बिल मुकं राहतं. तेव्हापासून मी दुकानात उभा राहून शास्त्रीय नाव लिहवून घेतो. जो दुकानदार ते लिहायला का-कू करतो त्याच्याकडून मासा घेत नाही. घरी आणल्यावर तारखेसकट फोटो काढून ठेवतो. पिल्लं झाली तर जन्माची नोंद, मेला तर मरणाची नोंद, एका साध्या वहीत.

मी वनविभागाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या माणसांनी हा मासा पाहिलेला नव्हता. त्यांचं काम बिबट्या, साप, मोर यांचं, आणि टाकीतल्या माशासाठी अर्ज घेऊन येणारा माणूस त्यांनाही नवा होता. पण वागणं सभ्य होतं. मी मासे कधी घेतले, किती उरले, कुठे ठेवलेत, पुढे विकणार नाही आणि पैदास करणार नाही, असं लेखी दिलं. सोबत बिल आणि फोटो जोडले. प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला आणि त्याच अर्जाची एक प्रत नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. या शिक्क्याने मालकी मिळत नाही, परवानगीही मिळत नाही. कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्याने एवढंच होतं की, मी लपवलं नाही, हे माझ्या बाजूने नोंदलं जातं. ज्यांच्याकडे जास्त मासे आहेत किंवा ज्यांचा व्यवसायच हा आहे, त्यांनी अर्जाआधी वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटावं. नात्यातला कुठलाही वकील चालेल असं समजू नका, हा वेगळा विषय आहे.

आता नदीचं. घाबरलेल्या माणसाला नदी हा सगळ्यात सोपा मार्ग वाटतो, आणि मनात चांगली भावनाही असते की बिचारे मोकळे झाले. पवनेत किंवा मुळेत सोडलेला डेनिसन बार्ब बहुधा मरेल. त्याला थंड, स्वच्छ, वाहतं पाणी लागतं आणि आपल्या शहरांतून जाणाऱ्या नद्या कशा आहेत ते आपण जाणतो. आणि जो मासा मरत नाही तो जास्त नुकसान करतो. काच साफ करायला म्हणून घरोघरी आणलेला सकर आता देशभरातल्या नद्या-तलावांत आहे, उजनी धरणातल्या कोळ्यांच्या जाळ्यातही येतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

मासा देशी असला तरी हीच गोष्ट. लोणावळ्याच्या वळवण इथे टाटांच्या केंद्रात महासीरची पैदास १९७० च्या दशकात यशस्वी झाली, तो आपल्याकडच्या मत्स्यशास्त्रातला मोठा पराक्रम होता. तिथली पिल्लं चांगल्या हेतूने देशातल्या अनेक नद्यांमध्ये सोडली गेली, कावेरीतही. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा कुबडा महासीर होता. बाहेरून आलेला महासीर तिथे वाढत गेला आणि कुबडा ओसरत गेला. २०१८ साली कुबड्याची शास्त्रीय ओळख नक्की झाली, 'टॉर रेमादेवी', आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही आहेतच. पण जाणत्या लोकांनी, पूर्ण तयारीनिशी केलेल्या कामातून हे झालं असेल, तर आपण बादलीतून काय सोडतो आणि कुठे, याचा विचार करावा. टाकीतले मासे परक्या पाण्याचे रोगही सोबत नेतात. यादीतला असो वा नसो, घरातला मासा नदीत सोडायचा नाही.

परदेशी माशांची वाट वेगळी आहे, आणि तिथे लोक जास्त फसतात. नव्या कायद्याची चौथी अनुसूची म्हणजे 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय करारातल्या जाती. त्यांत आशियाई अरवाना आहे, करारात १९७५ पासून पहिल्या परिशिष्टात. दुकानात स्वस्त मिळणारा सिल्व्हर अरवाना हा दक्षिण अमेरिकेतला, निराळा. एका ओळखीच्या घरी लाल अरवाना पाहिला, मालकाने भरपूर पैसे मोजलेले. सिंगापूर-मलेशियातल्या नोंदणीकृत फार्मवरच्या माशाच्या अंगात चिप असते आणि तिच्या क्रमांकाचं प्रमाणपत्र सोबत असतं. यांच्याकडे प्रमाणपत्र होतं. मी म्हटलं, चिप वाचून घ्या. रीडर फिरवला, काहीच वाजलं नाही. कागद दुसऱ्याच माशाचा होता. विकत घेताना समोर चिप वाचून क्रमांक जुळवायला पाच मिनिटं लागतात.

चौथ्या अनुसूचीतल्या जिवंत प्राण्यांची नोंद सरकारकडे करणं आता बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले, नोंदणी 'परिवेश' संकेतस्थळावर होते. जुन्या मालकांना सहा महिन्यांची मुदत होती, नव्याने प्राणी आला तर ३० दिवस. मासा दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, तरी कळवायचं असतं. पहिल्या परिशिष्टातल्या जातीची पैदास करायची तर वेगळा परवाना लागतो. झेब्रा प्लेको आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे काही स्टिंगरे हे २०२३ च्या फेब्रुवारीपासून दुसऱ्या परिशिष्टात आले. झेब्रा प्लेको ब्राझीलच्या शिंगू नदीत सोडून जगात कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही, आणि त्याच नदीवर बेलो मोंतेचं धरण झालं. काल निर्धास्तपणे घेतलेला मासा आज यादीत असू शकतो, म्हणून वर्षातून एकदा तरी यादी पाहावी. अमेरिकेत असलेल्या आपल्या मंडळींनी तर आशियाई अरवानाच्या नादी लागूच नये. तिथे चिप असली, फार्मचा असला, तरी घरगुती शौकासाठी तो आणता येत नाही.

यादी पाहायची ती राजपत्रातली. २०१७ च्या मे महिन्यात मत्स्यालयाच्या दुकानांसाठी केंद्राचे नियम आले होते, त्यांत १५८ जातींच्या विक्रीवर आणि प्रदर्शनावर बंदी होती, क्लाउनफिशसुद्धा. काही महिन्यांत ते नियम मागे घेतले गेले. ती यादी अजून फिरते आहे आणि लोक अजून घाबरतात. उलट समुद्री घोडा २००१ पासून संरक्षित आहे, त्याबद्दल मात्र 'कुणी विचारत नाही हो' असं सांगून तो आडून विकला जातो. अशा दुकानातून बाहेर पडावं आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

मी या कायद्याच्या बाजूचा आहे. तरी एक गोष्ट मनाला लागते. परदेशी अरवानाची पैदास करणाऱ्याला परवान्याचा मार्ग कायद्याने दाखवला आहे. सह्याद्रीच्या माशाची पैदास करू पाहणाऱ्या सामान्य शौकिनाला तसा सरळ मार्ग नाही. कलम १२ खाली संशोधन आणि शिक्षणासाठी परवानगी मिळते, ती संस्थांच्या आवाक्यातली. केरळातल्या पनंगाडच्या मत्स्य महाविद्यालयात डेनिसन बार्बची बंदिवासात पैदास झालेली आहे, म्हणजे ते अशक्य नाही. आपल्यापैकी अनेकांकडे देशी माशांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत: पाण्याचं तापमान, पावसाच्या पहिल्या पाण्यानंतर बदललेली वागणूक, कुठली पिल्लं कशावर जगली. बंदीनंतर काही जणांनी त्या वह्या घाबरून फाडल्या. फाडू नका. जवळच्या मत्स्य महाविद्यालयाला किंवा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्र विभागाला लेखी कळवा, त्यांच्या प्रकल्पात, त्यांच्या परवानगीखाली काम करायची तयारी दाखवा. कायद्यातली अनुसूची बदलण्याचा अधिकार केंद्राकडे आहे, आणि सूचना पाठवताना असा लेखी अनुभव जोडलेला असला तर तिला वजन येतं. मी माझ्या वहीची प्रत एका महाविद्यालयाला दिली आहे. मूळ वही माझ्याकडे आहे, उरलेल्या माशांच्या नोंदी तिच्यात चालू आहेत.