रात्रीच्या ओलितात कडेला उभा असतो तो कोण?

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आहे. लाइन रात्रीची असली की ओलितासाठी एकट्यालाच वावरात जावं लागतं. पाणी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळवताना डोळ्याच्या कडेला कोणीतरी उभं असल्यासारखं दिसतं. वळून पाहिलं, की कोणीच नसतं. आजी म्हणते, ‘बाहेरचं असंन, अंगारा लावून जात जा.’ माझे डोळे बिघडले आहेत, की मन?
– एक वाचक, शेंदूरजनाघाट, ता. वरुड

उत्तर : बहुधा दोन्ही धडधाकट आहेत. तुम्ही लिहिलंय की वळून पाहिलं की तो दिसेनासा होतो. सगळी मेख तिथंच आहे.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. शंकुपेशी सुमारे ६० लाख. त्या रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्या चांदण्यातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. आपण ज्या वस्तूवर नजर रोखतो, तिची प्रतिमा पडद्याच्या ऐन मध्यावर पडते आणि त्या इवल्याशा जागेत दंडपेशी नसतातच. त्यांची दाटी बाजूला. म्हणून मिट्ट काळोखात समोरच्यापेक्षा कडेचं जास्त दिसतं. तुम्ही वळून रोखून पाहता, तेव्हा ती अंधूक आकृती पडद्याच्या नेमक्या त्या भागावर येते, जो काळोखात आंधळा असतो. जे उभं होतं ते तिथंच असतं. तुम्हाला दिसायचं तेवढं थांबतं.

याचा पडताळा आजच रात्री घ्या. आकाशातला एखादा अगदी मंद तारा निवडा. त्याच्याकडे थेट पाहिलं की तो विझल्यासारखा होईल, नजर जराशी बाजूला नेली की पुन्हा उमटेल. आकाशनिरीक्षक देवयानी दीर्घिका अशीच तिरक्या नजरेनं पाहतात.

मग तिथं माणूसच का दिसावा? कडेच्या भागात पुष्कळ दंडपेशींची खबर एकाच मज्जातंतूवर जमा होते. त्यामुळे थोडाही प्रकाश आणि जराशी हालचाल टिपली जाते, पण बारकावे हरवतात. कडेची नजर वावरातल्या जागल्यासारखी आहे : काय आलंय हे कळायच्या आधी तिनं हाक मारायची असते. उरलेलं चित्र मेंदू अंदाजानं पुरं करतो. उभं, माणसाएवढं आणि हललेलं काही असलं, की त्याचा पहिला अंदाज माणसाचाच असतो. खोट्या हाकेनं फार तर दचकायला होतं, खरी हाक चुकली तर जिवावर बेततं.

तुमची बाग तर या अंदाजाला सगळी सामग्री पुरवते. डिंक्या येऊ नये म्हणून झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, जमिनीपासून साधारण मीटरभर. तिचा रंग फिकट निळसर. दंडपेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात, तांबड्याला जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या शास्त्रज्ञानं हे प्रथम नोंदवलं : तिन्हीसांजेला लाल फूल काळवंडतं आणि निळं उजळ वाटू लागतं. म्हणजे रात्री तो बुंधा कमरेखालच्या पांढऱ्या धोतरासारखा उठून दिसणार आणि वरचा काळा घेर खांद्या-डोक्यासारखा. त्यात हातातली बॅटरी हलली, की प्रत्येक बुंध्याची सावली सरकते. सरकणारं काही टिपण्यात कडेची नजर सर्वांत तरबेज.

आणखी दोन गोष्टी भर घालतात. विहिरीवर स्टार्टर दाबताना बल्ब पाहिला किंवा मोबाइल उघडला, की डोळ्याला काळोखाची पुरती सवय व्हायला पुन्हा अर्धा तास लागतो. आणि दिवसभर राबून रात्री जागणाऱ्याचा मेंदू अंदाज बांधताना जास्त चुकतो.

असा अनुभव सुशिक्षितांनाही येतो. इंग्लंडमधल्या विक टँडी नावाच्या अभियंत्याला प्रयोगशाळेत एकटा असताना कडेला करडी आकृती दिसली. वळताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात आवळलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरताना त्यानं पाहिलं आणि शोध घेत तो एका पंख्यापर्यंत पोचला. कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा नाद हेच कारण, असं त्यानं १९९८ मध्ये मांडलं. त्याचा निष्कर्ष आजही वादात आहे, पण त्याची रीत घेण्यासारखी आहे. तुम्हीही जिथं आकृती दिसते तिथल्या झाडाला चिंधी बांधा आणि सकाळी तिथं काय आहे ते पाहा.

आता सावधगिरी. डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके वाढले, कडेला विजेसारखे लखलखाट झाले किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली सरकू लागली, तर तो डोळ्याचा पडदा सुटण्याचा इशारा असू शकतो. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ गाठा. दिवेलागणीनंतर ठेचकाळायला होत असेल, तर रातआंधळेपणाची तपासणी करून घ्या. नजर फार अधू झालेल्या काही म्हाताऱ्या माणसांना दिवसाउजेडीही नसलेली माणसं दिसतात. स्विस अभ्यासक शार्ल बोने यानं १७६० मध्ये आपल्या आजोबांबाबत ते लिहून ठेवलं आणि आजोबांची बुद्धी शाबूत होती. अशांना वेडं ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा. आजीच्या अंगाऱ्यानं इजा होत नाही, पण भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणी मारझोड केली किंवा बांधून ठेवलं, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

बागेत मात्र कडेच्या नजरेला खोटारडी ठरवू नका. सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरं फिरतात आणि सापही असतात. कडेला काही हललं, की थांबा, बॅटरी तिकडे टाका, खात्री करा आणि मगच पाणी वळवा. बुंधा निघाला तर बरंच झालं, आणि डुक्कर निघालं तर याच नजरेनं तुम्हाला वाचवलेलं असेल.