पिवळ्या वायरींचा कपलर पुन्हा वितळला

प्रश्न : मोटारसायकलच्या चार्जिंग कॉइलकडून आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटकडे जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर दुसऱ्यांदा वितळला. मेकॅनिक कॉइलच बदला म्हणतो. काय करू?
— एक वाचक, वसमत

उत्तर : एवढ्यात खर्च नको. बहुतेकदा दोष कपलरच्या सैल, गंजलेल्या पिनेत असतो. तिथे रोध वाढतो, पिन तापते, प्लास्टिक वितळतं. कपलर सोडवून इंजिन चालू करा, दोन-दोन वायरींमधला एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा हवा. मग इंजिन बंद करून कॉइलची कुठलीही वायर बॉडीला लागत नाही ना, तेही तपासा. दोन्ही ठीक, तर कॉइल शाबूत. नव्या पिना पक्क्या दाबून बसवा. पीळ देऊन टेप गुंडाळणं म्हणजे तिसऱ्यांदा वितळण्याची सोय! जोडल्यावर इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसावेत. 15 च्या वर गेले तर आरआर युनिट बदला.