ब्रेकचा लाल दिवा

मी कॉन्व्हेंटची. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत आंबा घाट उतरताना आमच्या गाडीत वळणावळणावर ब्रेकचा लाल दिवा लुकलुकत होता. हँडब्रेक तर खाली होता. पायथ्याशी बाबांनी ब्रेक ऑइल भरलं, दिवा गेला. "झालं काम!" मी मेकॅनिकलची असूनही गप्प बसले.

खरं कारण वेगळं होतं. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो. त्याच्या मागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं, म्हणून वरच्या टाकीतली पातळी उतरते. वळणावर ऑइल हिंदकळलं की दिवा लागतो. म्हणजे कुठे गळती नसेल तर ऑइल कमी होणं हाच पॅड झिजल्याचा निरोप! काही गाड्यांत पॅडमध्येच वायर असते. ती डिस्कला घासली की वेगळा दिवा लागतो. आमच्या गाडीत ती सोय नाही.

घरी आल्यावर चाक काढून पाहिलं. पॅडवर जेमतेम २ मिमी थर उरला होता. नव्यावर साधारण १० मिमी असतो.

तेव्हा दिवा लागला तर आधी गाडी बाजूला घ्या. पेडल खोल जात असेल किंवा गळती दिसली तर गाडी पुढे नेऊच नका, टो करा. नाहीतर खालच्या गिअरमध्ये सावकाश गॅरेज गाठा. थर ३ मिमीच्या खाली गेला असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला. नुसतं ऑइल भरून दिवा घालवू नका.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग घाटातच का नाही बोललीस?"