आधी मिरवलं, मग अर्ज केला

दिंडोशीच्या नागरी निवाऱ्यातल्या आमच्या सोसायटीसाठी मी एक चॅटबॉट बनवला होता. "किचनच्या छतातून टपकतंय" असं कुणी मराठीत सांगितलं, की तो मजला विचारायचा, तक्रार नोंदवायचा आणि प्लंबरला निरोप द्यायचा. लिफ्टमध्ये रेंज गेली तरी बोलणं तुटत नसे. संभाषणाचा नेमका लागेल तेवढाच भाग साध्या फोनमध्ये साठवून बॉट ते पुढे सुरू करायचा.

शेजारचे काका म्हणाले, "पेटंट घेऊन टाक रे!" मी आधी एका प्रदर्शनात स्टॉल लावला, व्हिडिओ सगळीकडे टाकला आणि सात महिन्यांनी अर्ज केला.

पेटंट कार्यालयाच्या परीक्षण अहवालात दोन मोठ्या हरकती निघाल्या. पहिली, यात नवं काही नाही. पुरावा माझाच व्हिडिओ! प्रदर्शनानंतर वर्षभराची सवलत असते असं ऐकलं होतं, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच. दुसरी, १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के). गणिती किंवा धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही. माझ्या अर्जात तक्रार कोण घेतो, कुणाला पाठवतो, याचीच पानंच्या पानं. म्हणजे सेक्रेटरीचंच काम, फक्त संगणकावर! रेंजची खरी करामत मी एका ओळीत उरकली होती, आणि मूळ अर्जात नसलेला तपशील नंतर घुसडता येत नाही.

तुम्ही असं करू नका. कायद्यातल्या 'निव्वळ' या शब्दातच वाट आहे. २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की संगणक प्रोग्राम आहे एवढ्यावरून शोध बाद होत नाही. त्याचा तांत्रिक परिणाम बघायचा. तेव्हा बॉट काय बोलतो ते कमी लिहा. मेमरी किती वाचते, उत्तर किती लवकर येतं, आणि ते कशामुळे, हे आकड्यांसकट, आकृत्यांसकट लिहा.

कुणालाही दाखवण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. ऑनलाइन केला तर एकट्या माणसाला फी १६०० रुपये. अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. पूर्ण अर्जाला पुढे १२ महिने मिळतात. कोडला कॉपीराइट आपोआप असतो, पण तो कल्पना राखत नाही.

बॉट अजून चालतो. परवा काकांनी त्यालाच विचारलं, "पेटंटचं काय झालं?"

तो म्हणाला, "तक्रार नोंदवली. गळती कोणत्या मजल्यावरून आहे?"